मुंबईतलं राजभवन (आताचं लोकभवन) आणि तिथली बाग सामान्य माणसाला बघता येते का?

हो, येते. मलबार हिलच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला हा परिसर आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि सोबत ओळखपत्र ठेवा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, झाडांखाली मोर फिरताना दिसतात.

माझ्या मते खरं आकर्षण जमिनीखालचं आहे. २०१६ मध्ये इथे ब्रिटिशकालीन बंकर सापडला, तब्बल १३ खोल्यांचा! खोल्यांवर 'शेल स्टोअर' (तोफगोळ्यांचं कोठार), 'कार्ट्रिज स्टोअर' (काडतुसांचं कोठार) अशी नावं आहेत. तिथेच आता क्रांतिकारकांचं दालनही आहे, ते घाईत उरकू नका. परिसरातल्या मंदिरात श्रीगुंडी देवीचं दर्शनही घ्या.

आणि हो, १८८५ पूर्वी गव्हर्नर परळला राहायचे. त्या वास्तूत आज हाफकिन संस्था आहे.