अमेरिकेतल्या लेक पॉवेल या जलाशयावर हाऊसबोट भाड्याने घेतोय, सोबत लहान मुलं आहेत. जनरेटरच्या धुराची काय काळजी घ्यावी?

सगळ्यात जास्त धोका बोटीच्या मागच्या बाजूला असतो, आणि मुलांना नेमकं तिथेच खेळायचं असतं. पाण्यात उतरायच्या फळीखाली पोकळी असते. बऱ्याच जुन्या हाऊसबोटींत जनरेटरचा धूर तिथेच सोडलेला असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्या पोकळीत थोडेसे श्वास घेतले तरी शुद्ध हरपू शकते, मग पट्टीचा पोहणाराही बुडतो. 2000 साली लेक पॉवेलवरच दोन लहान भाऊ असे गेले.

म्हणून बोट ताब्यात घेतानाच विचारा, जनरेटरचा धूर कुठून बाहेर पडतो? छपराच्या वर नेलेली उभी नळी असेल तर उत्तम. धूर मागून किंवा बाजूने सुटत असेल, तर जनरेटर किंवा इंजिन चालू असताना मागे कोणी पोहायचं नाही, फळीवर बसायचंही नाही. बंद केल्यावरही वायू साचून राहतो, त्यामुळे फळीखाली मुलांनी कधीच जायचं नाही. लाइफ जॅकेट मात्र पूर्ण वेळ अंगात हवं.

रात्री एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपू नका. उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत वारा पडलेला असतो आणि शेजारच्या बोटीचा धूरही तुमच्या खिडकीतून आत येतो. निदान 20 फूट अंतर ठेवा, जास्त ठेवलंत तर बरंच. झोपायच्या प्रत्येक खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर बटण दाबून तपासा, त्यावर छापलेली मुदतही बघा. तो वाजला तर 'उगाच वाजतोय' म्हणून बॅटरी काढू नका.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं ऊन किंवा बोट लागल्यासारखीच वाटतात. दोघा-तिघांना एकदमच व्हायला लागलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, इंजिन-जनरेटर बंद करा आणि मरीन रेडिओवर चॅनल 16 वर मदत मागा. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा चांगला दिसू शकतो.

पेट्रोलचं वेगळं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी बसते. पेट्रोल भरताना सगळ्यांना बोटीवरून उतरवा, दारं-खिडक्या लावून घ्या. नंतर इंजिनाच्या कप्प्यातला ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान 4 मिनिटं चालवा, वास येत नाही ना ते बघा आणि मगच स्टार्टर मारा.