पडदा ओढण्याआधीची तयारी

प्रश्न: मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं. सत्तरीच्या एका आजोबांना स्पंज बाथ देताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हापासून मी दिसले की भिंतीकडे तोंड करतात. मैत्रिणी म्हणतात, होईल सवय. आई म्हणते, सोड आणि बी.एस्सी.ला जा. माझा स्वभावच या कामाचा नाही का?

उत्तर: या कारणासाठी तरी कोर्स सोडू नकोस. सवय वासाची होते, बेडपॅनची होते, रक्ताची होते. आजोबांनी तोंड फिरवलं हे खुपणं मात्र सवयीने जाऊ नये. ते ज्यांचं गेलंय, त्यांची काळजी करावी.

पेशंटची लाज राखणं हा स्वभावाचा भाग कमी आणि हाताच्या कामाचा जास्त. बहुतेक वेळा घोळ होतो तो तयारीत. कपडे उतरवून झाल्यावर लक्षात येतं की टॉवेल कपाटातच राहिला. तो आणायला तू जातेस, पडद्याची फट उघडी राहते आणि समोरच्या कॉटवरचा नातेवाईक बघत बसतो. पेशंटने डोळे मिटायला तेवढं पुरे.

म्हणून आधी ट्रॉली भर: दोन बेसिन, गरम-गार पाण्याचे जग, साबण, पुसायचे दोन कपडे आणि गुप्तांगासाठी तिसरा वेगळा, टॉवेल, धुतलेले कपडे, दोन चादरी, घाण पाण्याची बादली. पाणी ४३ ते ४६ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ. पंखा बंद कर. डॉक्टरांच्या राउंडची आणि नातेवाइकांच्या भेटीची वेळ टाळ. मग समोर उभी राहून विचार: "काका, अंग पुसून देते. आत्ता चालेल की चहानंतर?" चहानंतर म्हणाले तर चहानंतर. आधी लघवीला जायचंय का तेही विचार, नाहीतर मध्येच थांबावं लागतं. आणि सरसकट 'आजोबा' म्हणू नकोस. साठीच्या शिक्षकाला 'सर' म्हटलेलं आवडतं, आणि पन्नाशीच्या बाईला 'आजी' म्हटलेलं तर मुळीच नाही.

पडदा लावून झाला की शेजारच्या कॉटपाशी जाऊन उभी राहा. फट तिथूनच दिसते. स्क्रीन नसेल तर दोन सलाइन स्टँडना चादर बांध, किंवा मैत्रिणीला चादर धरून पाठमोरी उभी कर.

कपडे काढायचे ते वरची चादर अंगावर ठेवून, तिच्या आतून. सलाइन चालू असेल तर आधी मोकळ्या हाताची बाही काढ. घालताना सलाइनचा हात आधी. क्रम तुला शिकवलाच असेल: डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कपड्याचा वेगळा कोपरा, मग चेहरा, हात बोटांकडून खांद्याकडे, छाती, पोट, पाय, पाणी बदलून पाठ. एका वेळी एकच भाग उघडायचा, पुसायचा, कोरडा करायचा आणि झाकायचा, मगच पुढचा.

गुप्तांग सगळ्यात शेवटी, पुन्हा ताज्या पाण्याने. इथे आजोबांचा हात चालत असेल तर ओला कपडा त्यांच्या हातात दे: "काका, एवढं तुम्ही पुसून घ्या." आणि नजर दुसरीकडे वळव. जमत नसेल तर ब्रदर (पुरुष नर्स) किंवा वॉर्डबॉयला बोलवायचं का, हे त्यांनाच विचार. बाईपेशंटला पुसताना नेहमी पुढून मागे. उलट केलं तर शौचाच्या जागेचे जंतू मूत्रमार्गात जातात.

पण खरी फजिती स्पंजिंगपेक्षा बेडपॅनची असते. "सिस्टर, लघवी" म्हटल्यावर "मावशी येईल" असं उत्तर मिळतं, मावशी दुसऱ्या वॉर्डात असते आणि चादर भिजते. मग सोयीसाठी डायपर, त्याच्याही पुढे सोयीसाठी कॅथेटर (लघवीची नळी), आणि कॅथेटरपाठोपाठ मूत्रमार्गाचा संसर्ग. एका सिस्टरवर तीस-चाळीस पेशंट असतात, हे खरंच. तरी बेडपॅन द्यायला दोन मिनिटं लागतात, भिजलेला बिछाना बदलायला वीस. स्टीलचा बेडपॅन गार असतो. गरम पाण्याने विसळून, कोरडा करून दे. परवानगी असेल तर कॉटची डोक्याची बाजू उचल, हाताशी घंटी ठेव आणि बाजूला हो, पण हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. नेताना झाकूनच ने. कॅथेटर असेलच तर युरोबॅग (लघवी साठवणारी पिशवी) मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, जमिनीला न टेकता, आणि शक्यतो दाराच्या विरुद्ध बाजूला.

तोंडही सांभाळावं लागतं. पेशंटच्या अंगावरून मैत्रिणीशी गप्पा नकोत, "बारा नंबरचं डायपर बदललं का?" अशी आरोळी नको. असाइनमेंटसाठी जखमेचा फोटो मोबाइलवर काढायचा नाही, चेहरा दिसत नसला तरी. एचआयव्हीची माहिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधन आहे. म्हणून कॉटवर किंवा केस पेपरवर लाल शाईने खूण करणं चूकच. पुरुष डॉक्टर बाईपेशंटला तपासत असताना तिथे स्त्री हजर असावी, हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेतला हक्क आहे. अशा वेळी तू तिथून हलायचं नाहीस.

आईंना सांग, यात पुढे वाटा आहेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा), वृद्धांची शुश्रूषा, घरपोच नर्सिंग ही कामं तर याच कौशल्यावर चालतात. ब्रिटनमधल्या नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत पहिलंच कलम पेशंटचा मान राखण्याचं आहे. कोर्स सोडायचा विचार करावा तो पाठीचं दुखणं असेल, किंवा सहा महिन्यांनंतरही नाइट ड्यूटी झेपत नसेल तर. लाज वाटते म्हणून नव्हे.

उद्या आजोबांकडे जाशील तेव्हा बेसिन नेऊ नकोस. पाण्याचा ग्लास, चष्मा आणि घंटी त्यांच्या हाताच्या टप्प्यात आहेत का बघ, नसतील तर सरकवून ठेव आणि पुढच्या कॉटकडे जा. स्पंजिंगचं परवा विचार.