लेकीला सवलत नाही, मुभा मिळाली

परभणीहून एक ताई विचारतात: "मुलगी अमेरिकेत स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ आहे. तिला तिथल्या दोन हॉस्पिटलांचे 'प्रिव्हिलेजेस' मिळाले. सत्काराच्या पत्रिकेत मराठीत काय छापावं? शेजारणीला 'सवलती मिळाल्या' असं सांगितलं, तर ती म्हणाली, किती टक्के?"

शेजारणीचं काही चुकलं नाही. सवलत म्हटलं की टक्केच आठवणार. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ती सवलत. मूळ अरबी 'सुहूलत', म्हणजे सोपेपणा; हैदराबादकडं अजून 'सहूलत' म्हणतात. तुमच्या लेकीचं तिथं कुणी काही सोपं केलेलं नाही. उलट पदवी, अनुभव, अंगावरचे दावे-खटले, सगळं चाळून त्या हॉस्पिटलानं आपल्या छताखाली तिनं काय काय करायचं ते एकेक करून लिहून दिलंय: साधं बाळंतपण, चिमटा लावून केलेलं बाळंतपण, सिझर, पिशवी काढणं, दुर्बिणीची ऑपरेशनं. नव्या माणसाची पहिली काही कामं दुसरा डॉक्टर शेजारी उभा राहून बघतो. ठरावीक वर्षांनी पुन्हा सगळी चाळणी. तरीही लोक 'सवलत' म्हणतात आणि माझं डोकं उठतं.

आपल्याकडं छोट्या दवाखान्यांत हा मामला बराचसा तोंडी चालतो. "त्यांची ओटी मिळेल का?" एवढंच डॉक्टर एकमेकांना विचारतात. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. सातव्या महिन्यात बाईची ओटी भरायची आणि नवव्यात बाईलाच ओटीत न्यायचं, हा श्लेष मराठीला फुकटात मिळालाय.

आता 'विशेषाधिकार'. सरकारी मराठीनं प्रिव्हिलेजला हा शब्द लावला आणि सगळे निमूट वापरतात. विधिमंडळात शोभतो. दवाखान्यात मात्र असं वाटतं की डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या की बाकीच्यांनी हात जोडायचे. गंमत म्हणजे ज्या लॅटिन शब्दाची ही नक्कल, तो 'प्रिव्हिलेगियम' म्हणजे एकट्या माणसापुरता केलेला कायदा, आणि रोममध्ये तो बऱ्याचदा त्या माणसाच्या विरोधात असायचा. असले कायदे करू नयेत असं त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात होतं. असो, रोम राहू द्या.

शुद्धिवाले म्हणतील 'अनुज्ञप्ती'. अहो, ती तर लायसन्स! ते मेडिकल कौन्सिल देतं, दवाखाना नाही. दोन वेगळ्या दारांना एकच कुलूप कशाला?

खरा शब्द आहे मुभा. हा मला इतका आवडतो की ताईंचा प्रश्न इथं जरा थांबेल. मूळ अरबी 'मुबाह'. इस्लामी धर्मशास्त्रात माणसाच्या कृतींच्या पाच जाती आहेत. एका टोकाला फर्ज, म्हणजे करायलाच हवं; दुसऱ्या टोकाला हराम. त्यांच्या अलीकडं-पलीकडं केलेलं बरं आणि टाळलेलं बरं. आणि बरोबर मधोमध मुबाह: केलं तर पुण्य नाही, नाही केलं तर पाप नाही, मोकळीक आहे. मराठीनं शेवटचा ह उचलून ब मध्ये मिसळला आणि भ केला. 'सूबह'चा सुभा झाला, तसाच 'मुबाह'चा मुभा. औरंगाबादच्या सुभ्यात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एका निवृत्त मास्तरांनी मला 'मुक्तभाव'वरून मुभा आला असं लिहून पाठवलं. मास्तर, मग सुभा काय 'सुप्तभाव'वरून आला का?

माझा आपला एक तर्क: १९४८ पर्यंत आपल्याकडच्या कचेऱ्या उर्दूत चालल्या, म्हणून हा शब्द मराठवाड्यात घराघरात जास्त मुरला. आमची आजी म्हणायची, "सासूनं मुभा दिली तर पंचमीला येईन." त्या वाक्यात सगळं आहे. देणारा दुसरा आहे, ठरावीक कामापुरती आहे, आणि काढून घेता येते.

हक्क तसा काढून घेता येत नाही, म्हणून 'हक्क' हाही शब्द चालायचा नाही. टेक्सासमध्ये २०१३ साली कायदा झाला, की गर्भपात करणाऱ्या डॉक्टरकडं ३० मैलांच्या आतल्या एखाद्या हॉस्पिटलात पेशंट भरती करण्याची मुभा हवीच. तीस मैल म्हणजे परभणीहून जिंतूरच्या जरा पुढं. हॉस्पिटलं ती देईनात आणि कितीतरी दवाखाने बंद पडले. शेवटी २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. मुभा देणाऱ्याच्या हातात असते ती अशी.

हां, पत्रिका राहिलीच. छापा: "आमच्या डॉक्टर लेकीला अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत बाळंतपणं व शस्त्रक्रिया करण्याची मुभा मिळाली." रुग्णालयं दोन असली तरी 'मिळाल्या' नको, 'मिळाली'च.