हातावरचं दही

प्रिय गुंड्या,

तुझा निरोप तीनदा ऐकला. मनीमाऊ तीन आठवडे आली नाही, तू म्हणालास "मनी गेली," आणि आजी ओरडली, "असं बोलू नये." मग बोलायचं काय, आणि खोटं बोलू नये असंही तीच सांगते त्याचं काय, असं तुझं म्हणणं. अगदी वकिली प्रश्न आहे!

आजीच्या बोलण्याकडे जरा कान दे. तिच्या घरात काहीच संपत नाही. डबा रिकामा झाला की ती म्हणते, "तांदूळ वाढलेत, घेऊन या," आणि तू लहानपणी ते ऐकून डब्यात डोकावला होतास. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. लक्ष्मी रोडवरचे जुने दुकानदार रात्री शटर ओढताना दुकान 'वाढवतात'. (दुपारी एक ते चार मात्र सरळ 'बंद' असतं, तिथे पुणेकर शब्द जपत बसत नाही.) आणि दारातून कुणी "जाते" म्हणालं, की आतून हमखास आवाज येतो, "येते म्हण."

आजीचा हिशोब असा: वास्तू दिवसभर तथास्तु म्हणत असते. नेमकी कुठल्या वाक्याला म्हणेल त्याचा नेम नाही, तेव्हा वाक्यच जपून टाकावं. माझा यावर फारसा विश्वास नाही. तरी इथे जर्मनीत परवा चहाची पूड संपली तेव्हा माझ्या तोंडून "वाढली" असंच निघालं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

आजी खोटं बोलत नाहीये. मनी आली नाही हे तिलाही दिसतंच आहे. फक्त दाराला कडी ती स्वतः घालणार नाही. गणपतीच्या उत्तरपूजेला गुरुजी शेवटी 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे परत येण्यासाठी. मग मूर्ती जराशी हलवतात, आणि आपल्या घरी तर बाप्पाच्याही हातावर दही घालतात.

मी निघाले त्या पहाटे माझ्याही हातावर आजीने दही घातलं होतं. तू रुसून आत झोपला होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. खाली टॅक्सी हॉर्न देत होती. मी घाईघाईत अर्धंच खाल्लं आणि चपला घालायला पायरीवर बसले, तर मनी आली आणि उरलेलं दही चाटू लागली. तिची जीभ काथ्यासारखी खरखरीत. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा तिने साफ केलं. आजी म्हणाली, "घ्या, हिचीही तयारी झाली."

ती मेली असेल का, हे तू विचारलं नाहीस, पण तुला तेच विचारायचं होतं ना? असू शकतं. कर्वे रोडची वाहनं तू बघतोसच. पण बाबा म्हणाले, समोरचा बंगला पाडताहेत, पत्रे ठोकलेत, सकाळपासून जेसीबी चालू असतो. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर जागेला, असं म्हणतात. तिची जागा म्हणजे त्या बंगल्याचं गॅरेज. आपली पायरी नुसती खानावळ! पिल्लांसाठी कुठे दडली असेल असं मला आधी वाटलं, पण तिच्या एका कानाचं टोक कापलेलं आहे, आठवतं? ऑपरेशन केलेल्या मांजरांची ती खूण. म्हणजे पिल्लं नाहीत.

संध्याकाळी बाबांना घेऊन मागच्या गल्लीत एक चक्कर मार. नुसतं "मनी, मनी" करू नकोस. वरच्या मजल्यावर ती सुंदरी म्हणून जेवायची आणि वॉचमनकाकांकडे बिल्लो म्हणून. पलीकडच्या सोसायटीत तिला काय म्हणतात ते आधी विचारून घे.

आणि आजीला सांग, बशीत दूध नको. मोठ्या मांजरांना बऱ्याचदा ते पचत नाही. आजीला हे पटणार नाही, "आमची मांजरं काय दगड खायची?" म्हणेल. तू वाद घालू नकोस. बशी तेवढी रोज धुऊन ठेव, मुंग्या लागतात.

तुझी,
आई