जट ‘येते’, जटा ‘राखतात’ : ड्रेडलॉक्सला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : ‘जमैकावरच्या एका प्रवासलेखाचं मराठी भाषांतर करते आहे. त्यात रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या लोकांच्या केसांचा उल्लेख वारंवार येतो. ड्रेडलॉक्सला, म्हणजे न विंचरता वळू दिलेल्या बटांना, जटा म्हटलं तर चालेल का? फोनवरच्या भाषांतराने मला “भयानक कुलुपे” असं दिलं! शिवाय ही माणसं गांजाला चक्क गांजाच म्हणतात. हा आपला शब्द तिकडे कसा पोचला? आणि सिंह, लाल-पिवळा-हिरवा, बॅबिलॉन वगैरे खुणांच्या तळटिपा कशा द्याव्यात?’

जटा चालेल, पण क्रियापद सांभाळावं लागेल. का, ते सांगतो. त्याआधी त्या कुलुपांचा निकाल लावू.

इंग्रजीत ‘लॉक’ या एकाच स्पेलिंगमागे दोन शब्द आहेत. एक दाराचं कुलूप, दुसरा केसांची बट. फोनने पहिला उचलला. ‘ड्रेड’चं ‘भयानक’ मात्र अगदीच वाया गेलेलं नाही, त्याची नुसती जात चुकली. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात देवापुढे माणसाला जे भय वाटतं त्यासाठी हा शब्द येतो, आणि रास्ताफारींची बरीचशी शब्दसंपत्ती त्याच भाषांतरातून आली आहे. भुताखेतांची भीती ती ही नव्हे. कडक हेडमास्तर व्हरांड्यात दिसले की आख्खी शाळा गप्प व्हायची, त्यातलं काहीतरी. मराठीत त्याला शब्द आहे : दरारा.

हा दरारा केसांना सुरुवातीपासून चिकटलेला नव्हता. १९३० च्या दशकातले पहिले रास्ताफारी दाढी राखत आणि लोक त्यांना दाढीवाले म्हणूनच ओळखत. बटा वळू देण्याची रीत रुजली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, किंग्स्टनमधल्या यूथ ब्लॅक फेथ नावाच्या तरुणांच्या गटात, असं जमैकन समाजशास्त्रज्ञ बॅरी शेव्हान्स यांनी जुन्या मंडळींशी बोलून नोंदवलं आहे. गटातल्या कडक शिस्तीच्या माणसांना ‘ड्रेड’चं विशेषण लागे. पुढे केस विंचरणारे आणि न विंचरणारे असे दोन तटच पडले. न विंचरणाऱ्यांनी आधार घेतला तो बायबलमधल्या नाजीर व्रताचा. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हे व्रत आहे : व्रताचे दिवस भरेपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही. शमशोनाची ताकद केसांत होती, ती याच व्रताची गोष्ट.

आता गंमत बघा. रास्ताफारी हे नाव आलं, पंथाने देव मानलेल्या इथिओपियाच्या राजपुत्राच्या नावावरून. ‘रास’ ही पदवी, ‘तफारी’ हे नाव. २ नोव्हेंबर १९३० रोजी राज्याभिषेक झाल्यावर तो सम्राट हैले सेलासी पहिला झाला. ‘तफारी’चा अर्थ ज्याचं भय किंवा आदर वाटावा असा, म्हणजे ज्याचा दरारा आहे असा. केसांच्या नावात आणि पंथाच्या नावात एकच भाव. ‘रास’ म्हणजे मस्तक. अरबीतही मस्तकाला तोच शब्द आहे आणि आपल्याला ठाऊक असलेला ‘रईस’ त्याच मुळातला. आपल्याकडे फारसी ‘सर’ म्हणजे डोकं, त्यावरून सरदार, सरनोबत आले. तेव्हा तळटिपेत ‘रास तफारी म्हणजे सरदार तफारी’ असं लिहिलं तर मराठी वाचकाला लगेच कळेल. नाव तोडताना रास-तफारी असंच तोडा. रास्ता-फारी असं तोडलं की वाचकाला रास्ता रोको आठवतो, पुणेकराला रास्ता पेठ. आणि ‘रास्ताफारीवाद’ कृपा करून नको. पंथातल्या लोकांना आपल्या श्रद्धेला ‘इझम’ लावलेलं आवडत नाही. नुसतं रास्ताफारी पुरे.

तर जटा. माझं लहानपण गडहिंग्लजकडचं. सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत एसटी स्टँडवर जोगतिणी दिसत. डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली), हातात परडी, कपाळभर भंडारा. त्यातल्या एकीच्या खांद्यावरून पुढे आलेली बोटभर जाडीची, हळदीने पिवळी पडलेली जट मी अगदी जवळून पाहिली आहे. आमच्या शेजारच्याच बाकावर बसली होती ती. आजीने कानात सांगितलं, ‘बघू नको तसं. जट आलीया तिला.’

आजीचं ते वाक्य मी व्याकरणासाठी लक्षात ठेवलं आहे. जट ‘येते’. ताप येतो, देवी येतात, अंगात येतं, तशी. जिला येते ती त्या वाक्यात कर्ता नाहीच, ‘तिला’ आहे. देवीचं बोलावणं आलं असं मानायचं, कात्री लावायची नाही, आणि पुष्कळदा त्या पोरीला देवीला सोडून मोकळं व्हायचं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघर बायकांची समजूत काढून त्या जटा कापतात. कित्येक वर्षं मानेवर बाळगलेलं ओझं असतं ते.

साधूचं क्रियापद निराळं. तो जटा वाढवतो, राखतो, बांधतो. कर्ता तोच. पंचाईत अशी की ‘जट’चं अनेकवचनही ‘जटा’च होतं, त्यामुळे नुसत्या नामावरून वाचकाला दोन्ही चित्रं दिसू शकतात : जोगतिणीचं आणि जटाधारी शंकराचं. निवाडा क्रियापद करतं. रास्ताफारी माणूस आपण होऊन व्रत घेतो, म्हणून ‘त्याने जटा राखल्या आहेत’ हे बरोबर. ‘त्याला जटा आल्या आहेत’ असं कुठे चुकून लिहिलंत तर इकडच्या वाचकाला तो थेट सौंदत्तीला पोचलेला दिसेल. ‘झिंज्या’ हा शब्द मात्र राखून ठेवा. लेखात एखादा पोलीस किंवा खडूस घरमालकीण त्या केसांबद्दल बोलत असेल तर तिच्या तोंडी घालायला उपयोगी पडेल.

कापण्याच्या क्रियापदाचंही तसंच. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स इथे काही रास्ताफारी आणि पोलीस यांच्यात झालेल्या रक्तरंजित चकमकीनंतर पोलिसांनी रास्ताफारींची सरसकट धरपकड केली आणि कित्येकांचे केस जबरदस्तीने उतरवले. जमैकाच्या सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ साली. तुमच्या लेखात हा प्रसंग असेल तर ‘मुंडण केलं’ लिहू नका, त्याला धार्मिक विधीचा वास येतो. ‘केशवपन’ला आपल्या विधवांचा इतिहास चिकटलेला आहे. मी ‘भादरलं’ लिहीन. शब्द उद्धट आहे आणि कृत्यही तसंच होतं.

आता गांजा. हा शब्द खरोखर आपल्याकडूनच गेला, पण ‘आपल्याकडून’ म्हणजे मराठीतून नव्हे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८४५ च्या मे महिन्यात हिंदुस्थानी गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसं अशी तिकडे गेली, त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांच्याबरोबर गांजा गेला आणि चिलीमही गेली. दोन्ही शब्द जमैकाच्या बोलीत आजही आहेत. १९१३ साली तिथे गांजावर बंदी घालणारा कायदा झाला तेव्हा त्याच्या नावातही ‘गांजा’च होता. २०१५ च्या दुरुस्तीने दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि रास्ताफारींना धार्मिक कारणासाठी तो वापरायला मुभा मिळाली.

पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी लेनर्ड हॉवेल यांनी स्वतःसाठी टोपणनाव घेतलं होतं ‘गंगुनगुरू मराघ’. त्यातला ‘गुरू’ उघड दिसतो. ‘मराघ’ म्हणजे महाराज. तिथल्या हिंदुस्थानी कुटुंबांत हे आडनाव आजही आढळतं. १९३४ साली याच हॉवेल यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि १९४० मध्ये त्यांनी स्लायगोव्हिलजवळ पिनॅकल नावाची वसाहत उभी केली.

मग जटाही साधूंकडूनच गेल्या का? वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या अजय आणि लक्ष्मी मानसिंग यांनी रास्ताफारींवरच्या हिंदू प्रभावाची बाजू मांडली आहे. शेव्हान्स यांचा रोख किंग्स्टनच्या तरुणांकडे. केनियात ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या, जटा राखलेल्या माऊ माऊ बंडखोरांच्या छायाचित्रांचंही नाव निघतं. मी शब्दांचा माणूस, त्यामुळे माझा पुरावा शब्दांचा. गांजा वस्तू म्हणून गेला तेव्हा नाव घेऊन गेला, चिलीमही नाव घेऊन गेली. जटा तशा उसन्या घेतल्या असत्या तर तो शब्द जमैकन बोलीत कुठेतरी अडकून राहिला असता. तिथे सापडतात ते ‘ड्रेड’ आणि ‘नॅटी’, म्हणजे गाठाळ. म्हणून केसांचं श्रेय आपल्याकडे ओढायला माझा हात धजत नाही. अशा ओढाताणीचा आपल्याला सोस फार.

रास्ताफारींच्या तोंडी गांजा हे नशेचं नाव नाही. बैठकीत चिलीम फिरवण्याआधी प्रार्थना होते आणि त्या वनस्पतीला पवित्र मानतात. मराठीत ‘गांजा’ म्हटलं की लगेच ‘गांजेकस’ मागे उभा राहतो. शब्द बदलू नका, तोच तर पुरावा आहे. पहिल्या उल्लेखाला ‘प्रसाद म्हणून’ एवढं जोडा. (‘गांजणे’ हे क्रियापद वेगळं. नाहीतर ‘गांजलेल्यांचा गांजा’ अशी कोटी करून मी कधीच मोकळा झालो असतो.)

तळटिपांचं झटपट उरकतो. रंग इथिओपियाच्या ध्वजाचे. तुम्ही ‘पिवळा’ लिहिलंय, रास्ताफारी त्याला सोनेरी म्हणतात आणि तो मायभूमीच्या संपत्तीचा रंग मानतात. लाल-पिवळा-हिरवा वाचलं की सिग्नल डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘सोनेरी’च हवा. लाल सांडलेल्या रक्ताचा, हिरवा भूमीचा. कुठे काळा दिसला तर तो जमैकन कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीने १९२० मध्ये स्वीकारलेल्या लाल-काळ्या-हिरव्या ध्वजातून आलेला.

सिंहाला मराठी बायबलमधलं तयार नाव वापरा : यहूदा वंशाचा सिंह. इथिओपियाचे सम्राट स्वतःला शलमोन राजाचे वंशज म्हणवत. त्यांच्या ध्वजावर मुकुट घातलेला सिंह असे. आपल्या वाचकाला सिंह म्हटलं की देवीचं वाहन किंवा नरसिंह आठवणार, त्यामुळे ही ओळ लागेलच. तिथेच एक जोड द्या : जटा म्हणजे या सिंहाची आयाळ, असंही रास्ताफारी मानतात. ‘आयाळ’सारखा नेटका शब्द हाताशी असताना ‘सिंहाचे केस’ लिहायचं पाप करू नका.

बॅबिलॉन म्हणजे जुलमी व्यवस्था. पोलीस, कोर्ट, वसाहतवादी सरकार, सगळं त्यात आलं. बोलताना नुसत्या पोलिसालाही बॅबिलॉन म्हणतात. त्याच्या उलट झायन, म्हणजे आफ्रिका, त्यातही इथिओपिया. मराठी बायबलमध्ये यांची रूपं बाबेल आणि सीयोन अशी आहेत, पण तुमच्या लेखात जमैकन माणूस बोलतोय, म्हणून त्याचाच उच्चार ठेवा. देवाला ते ‘जाह’ म्हणतात. हालेलुया या शब्दाच्या शेवटचा ‘या’ तोच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक शब्द तुम्हाला अडवणार आहे : ‘आय अँड आय’. जमैकन बोलीत ‘मी’ला ‘मी’च म्हणतात, उच्चारही जवळपास आपल्यासारखा, तो इंग्रजी कर्माच्या रूपातून आलेला आहे. रास्ताफारींना त्यात गुलामाचा वास येतो, दुसऱ्याने ज्याच्यावर काही करावं त्याचा. म्हणून ते कर्त्याचं ‘आय’ धरून बसतात. सम्राटाच्या नावापुढचा ‘पहिला’ हा रोमन आकडाही ते ‘आय’ असाच वाचतात. ‘आय अँड आय’ म्हणजे मी, तू आणि दोघांच्या आतला देव. हिंदीत यासाठी ‘हम’वर भागवावं लागेल. मराठीत ऐकणाऱ्यालाही पोटात घेणारं ‘आपण’ आहे. अडचण एवढीच की तुमच्या लेखातला डोंगरावरचा एखादा रास्ताफारी म्हातारा ‘आपण इथेच राहतो, आपण कुणाला भीत नाही’ असं म्हणाला की तो गिरगावातल्या नाक्यावरचा दादा वाटायला लागतो. मी तरीही ‘आपण’च लिहीन. फक्त त्याच्या पहिल्या वाक्यात ‘आय अँड आय’ तसंच ठेवून, दुसऱ्यापासून.