मोरीतला कोळी आणि साडेचार वर्षांची मुलगी

"मॅडम, हिला बाकी काही नाही, फक्त कोळ्याची भीती. पण त्यापायी घर डोक्यावर घेते."

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. वडील यंत्रमागावर, आजी घरी विड्या वळते. (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलले आहेत.) मोरीत एकदा भिंतीवर मोठा तपकिरी कोळी दिसला आणि तेव्हापासून साडेचार वर्षांची मुलगी एकटी आत जाईना. अंघोळीला आई लागते, शू-शीला आई लागते, रात्री तर कपड्यातच होते. "भीती कशी घालवायची तेवढं सांगा."

या वयात अंधार, कुत्रा, किडे यांची भीती वाटणं नेहमीचंच. म्हणून मी आधी विचारलं, कोळी दिसला की घरात कोण काय करतं? आई किंचाळते. वडील चप्पल उचलतात. आजी झोपवताना म्हणते, "डोळे मीट, नाहीतर कोळी येईल." आणि भीती मोडावी म्हणून वडिलांनी मेलेला कोळी कागदावर घेऊन तिच्या तोंडासमोर धरला होता. हा शेवटचा उपाय फार घरांत करतात आणि बहुतेकदा तो अंगाशी येतो. भीती वाटणाऱ्या मुलाला पळायची वाट बंद झाली की भीती दुप्पट होते.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती कशी घालवली ते लिहून ठेवलं आहे. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवायचा आणि त्याला झेपेल तसा हळूहळू जवळ आणायचा. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. फक्त मुलांच्या बाबतीत हे अंतर खेळातून कमी करावं, आणि किती कमी करायचं ते मुलानं ठरवावं.

म्हणून खरा कोळी पहिले काही दिवस बाजूलाच. पोळ्या करताना कणकेचे गोळे द्या, खराट्याच्या काड्या मोडून द्या, असं आईला सांगितलं. मुंगळ्याला तीन गोळे, सहा पाय. कोळ्याला दोन गोळे, आठ पाय. तो कीटक नाहीच. हिच्या पहिल्या कोळ्याला अकरा पाय होते. आई लगेच दुरुस्त करायला निघाली, मी म्हटलं, राहू द्या. ज्याचे पाय आपण खोचतो त्याची दहशत जरा कमी वाटते, मोजणी पुढे येईल. आजीनं पानांच्या कातरणाचे फुलपाखराला पंख लावून दिले. (तंबाखूचं सूप मात्र लांब ठेवायचं आणि नंतर हात धुवायचे, हे मला सांगावंच लागलं.)

वडिलांनी कारखान्यातून उरलेलं सूत आणलं, तो दिवस सगळ्यात रंगला. खुर्ची उलटी करून चार पायांमध्ये जाळं विणायचं. गोल जाळं विणणारा कोळी आधी मधून चहूबाजूंना बाहेर जाणारे धागे ताणतो आणि मग त्यांवर चिकट धागा गोल गोल फिरवत नेतो. ताणलेले धागे चिकट नसतात, म्हणून त्याला त्यांवरून चालता येतं. मागावर जन्म काढलेल्या बापाला हे पोरीला सांगताना पाहायला हवं होतं! चप्पल उचलणारा माणूस तो हाच.

मग गच्चीत मुंगळे. गुळाचा खडा ठेवायचा, रांग लागली की मधेच बोटानं जमीन पुसायची. मुंगळे वासाच्या वाटेनं चालतात. वाट पुसली की घुटमळतात, इकडेतिकडे फिरतात, पुन्हा वाट शोधतात. हिनं हे आजीला बोलावून बोलावून दाखवलं.

खरा कोळी शेवटी आला, तोही खिडकीच्या जाळीवरचा उड्या मारणारा चिमुकला. आईनं फरशीवर खडूची रेघ मारली: रेघ कुठे मारायची ते तू सांग. पहिली रेघ दारापाशी होती. पुढे ती स्वतःच रेघ पुसून थोडी पुढे ओढायला लागली. मोरीतल्या मोठ्या कोळ्याबद्दल तिला एवढंच कळलं होतं की तो झुरळं खातो. ते तिला पुरलं. दार उघडं ठेवून ती आत जाऊ लागली. झुरळाला अजून घाबरते. आईही घाबरते, आणि ते मुलीपासून लपवायची गरज नाही; किंचाळण्याऐवजी "मला पण कसंतरी होतं, चल बाजूला होऊ" म्हटलं तरी चालतं.

आईची एक शंका रास्त होती. "उद्या ही विंचवाला हात लावेल त्याचं काय?" आपल्याकडे दगड-विटांच्या ढिगात विंचू निघतो, आणि तो कोळ्याच्याच गोतातला, आठ पायांचा. त्यामुळे खेळाच्या पहिल्या दिवसापासून नियम एकच: बघायचं, हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. बूट-चपला झटकून घालायच्या. विंचू चावलाच तर मंत्र-उतारा नाही. लहान मुलाला लगेच रुग्णालयात न्यायचं.

आणि भीती सहा महिने उलटूनही तशीच राहिली, झोप, शाळा, शू-शी अडायला लागली, तर घरच्या खेळांवर विसंबू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.