दोघांनी घोडे काढले की भालेवाले खूश

प्रश्न: मी आणि माझा मावसभाऊ रात्री जेवणं झाली की एज ऑफ एम्पायर्स टू हा गाव वसवून सैन्य लढवायचा कॉम्प्युटर गेम खेळतो, डेफिनिटिव्ह एडिशन, अरेबिया मॅप, दोन विरुद्ध दोन. एकेकटे बरे खेळतो पण जोडीने नुसता मार खातोय. दोघांनाही फ्रँक्स (घोडदळात तगडी सिव्हिलायझेशन) घेऊन घोडेच काढायचे असतात. काल चौदाव्या मिनिटाला त्याची माणसं लाकूड तोडतात तिथे समोरच्याचे आर्चर (तिरंदाज) घुसले, हा हेडफोनमधे "अरे ये ना, ये ना" ओरडतोय, मी पोचेपर्यंत दहा व्हिलेजर (कामकरी) गेले आणि आता म्हणतो की तू मुद्दाम उशीर केलास. चूक कुणाची? (एक वाचक, सातारा)

उत्तर: चूक कुणाची ते मावशीला विचारा, मी गेमपुरतं सांगतो.

गडबड सिव्ह, म्हणजे सिव्हिलायझेशन, निवडतानाच झालीये. दोघंही घोडे काढणार म्हटल्यावर समोरच्या दोघांना डोकं लावावंच लागत नाही, भालेवाले काढले की झालं. एक भालेवाला ३५ फूड आणि २५ लाकडात मिळतो, तुमचा स्काउट (सुरुवातीचा घोडेस्वार) ८० फूडचा, आणि नुसतं फूड, त्यामुळे दोघंही शेतं टाकत बसता. त्याऐवजी एकाने आर्चर काढा. आर्चरला फूड लागतच नाही, २५ लाकूड आणि ४५ सोनं, आणि भालेवाले त्यांच्यापर्यंत चालत येईस्तोवर निम्मे पडलेले असतात. मग समोरचा स्कर्मिशर (भाला फेकणारे) काढतो, त्यांना बाण फारसे लागत नाहीत, पण तुमचे स्काउट आत शिरले की ते टिकत नाहीत. म्हणजे त्याने काहीही काढलं तरी एकाचं फावतं. घोड्यांशिवाय ज्याला करमत नाही त्याने फ्रँक्स ठेवा, दुसऱ्याने ब्रिटन्स किंवा मायन्स या आर्चरवाल्या सिव्ह घ्या, मायन्सना तबेलाच नाही त्यामुळे मोहही होणार नाही.

आता ते "ये ना". भाऊ, ये म्हणजे कुठे? मॅपवर फ्लेअर (जागा दाखवणारी खूण) टाका आणि तोंडाने "आठ आर्चर, मागच्या लाकडावर, वॉल फुटलीये" एवढं बोला. ऐकणाऱ्याला त्यावरून ठरवता येतं. वॉल फुटली असेल तर स्काउट लगेच पळवायचे, ते वेगात असतात. वॉल शाबूत असेल, भाऊ व्हिलेजर टीसीत (टाउन सेंटर, गावाची मुख्य इमारत) घालून मिनिटभर तग धरू शकत असेल, तर अजिबात जाऊ नका, उलट ज्याचे आर्चर आलेत त्याच्या घरी जा, कारण त्याचं सगळं सैन्य तुमच्या भावाच्या दारात आहे आणि त्याचे लाकूडतोडे मोकळे पडलेत. माझा अनुभव असा की घरून व्हिलेजर मेल्याचे आवाज यायला लागले की दहातले आठ जण आर्चर मागे फिरवतात.

आणि हल्ला करताना एकच गिऱ्हाईक धरा. आम्ही हॉस्टेलवर असताना मी डावीकडच्याला छळायचो, रूममेट उजवीकडच्याला, दोन्हीकडे जरा जरा त्रास व्हायचा आणि मरायचं कुणीच नाही, मग कॅसल एजला (गेममधल्या तिसऱ्या युगात) ते दोघं मिळून आमच्यातल्या एकावर यायचे. ज्याची वॉल अर्धी आहे त्याच्यावर दोघांनी एकाच वेळी जा, म्हणजे तिथे तेवढा वेळ दोनास एक होतं.

भावाला लाकूड, फूड अशी मदत पाठवायची असेल तर मार्केट लागतं आणि कापतातही भरपूर, १०० लाकूड पाठवायला सुरुवातीला आपले १३० जातात. कॅसल एजला जायला ८०० फूड आणि २०० सोनं लागतं, तिथे भावाचं थोडक्यासाठी अडलं असेल तर जरूर द्या, एरवी नको.

प्रश्न: बायकोला माझ्याबरोबर स्टारक्राफ्ट टू (हाही बेस बांधून लढायचा गेम) खेळायचंय पण ती एकदम नवीन आहे, पहिल्या पाच मिनिटांतच तिचा बेस जातो. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तिला वेगळा बेस देऊच नका. २०१५ च्या लेगसी ऑफ द व्हॉइडबरोबर आर्कॉन मोड आला, त्यात दोघं मिळून एकच बेस, एकच सैन्य चालवतात. लोक सवयीने नवीन माणसाला कामगार आणि बिल्डिंगकडे बसवतात आणि स्वतः लढाई घेतात. तुम्ही उलटं करा, घर तुम्ही सांभाळा आणि सैन्य तिच्या हातात द्या, चार-पाच गेम हरायची तयारी ठेवून. फक्त तिने सिलेक्ट केलेल्या युनिटवर मधेच क्लिक करू नका, आमच्या घरी त्यावरून अबोला झालाय.